सगळं वाजणारा कीबोर्ड

"गुल्हाने, आज या इमारतीत एका युगाचा अस्त होतोय आणि दुसऱ्याचा उदय. नीट बघून ठेवा. पुढं नातवंडांना सांगायला होईल."

पाचखेडे सर एवढं म्हणाले आणि त्यांनी खोक्यात दोन्ही हात घालून मोठ्या आदरानं थर्मोकोलचा एक पांढरा तुकडा बाहेर काढला. उलटसुलट करून पाहिला. बोटांनी दाबून पाहिला.

"याची वायर कुठंय?"

"बाबा, ते पॅकिंग आहे," शैलजा म्हणाली.

सरांनी तो तुकडा खाली ठेवला नाही. सापडलं ते नवं युग नव्हतं हे कबूल करायला त्यांना थोडा वेळ लागला.

पुढं मी नातवंडांना ही गोष्ट सांगायला घेतली खरी. पण टाइपरायटर म्हणजे काय हे समजावण्यातच दुपार गेली, आणि मुद्दा आला तेव्हा दोघंही झोपलेली होती. म्हणून आता कागदावर सांगतो. कागद झोपत नाही.

वऱ्हाडातल्या आमच्या तालुक्याच्या गावात बाजारपेठेत माझं वह्या-पेनांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर 'प्रगती टंकलेखन संस्था'. दिवसभर डोक्यावर खडखडाट. नवखं गिऱ्हाईक दचकून वर बघायचं, मी सांगायचो, घाबरू नका, वर सरकारी नोकऱ्या तयार होताहेत. ते खोटंही नव्हतं. तहसील, कोर्ट, बँक, पंचायत समिती, कुठंही जा, तिथला बाबू पाचखेडे सरांच्या हाताखालून गेलेला. कोर्टातले दोन कारकून भांडले तरी सरांकडे येऊन भांडायचे.

सरांचं शिकवणं साधं होतं. पाठ ताठ, मनगट उचललेलं, नजर मजकुरावर. ओळ संपत आली की यंत्राची घंटी वाजते. वाजली की डाव्या हातानं वरचा दांडा झपकन ढकलायचा, यंत्राचा वरचा गाडा परत उजवीकडे जातो, नवी ओळ सुरू. "बोटं काय हो, सगळ्यांचीच चालतात," सर म्हणायचे. "टायपिस्ट ओळखायचा तो ओळ संपल्यावर." आडदांड मुलांनाही ते पट्टी मारायचे, पण बोटांवर कधी नाही. दंडावर.

तर अशा संस्थेला वरून फर्मान आलं. यापुढं टंकलेखन कम्प्युटरवर. ज्या संस्थेला मान्यता टिकवायचीय, तिथल्या मुख्य शिक्षकानं निरीक्षकासमोर स्वतः कम्प्युटरवर मराठी उतारा टाइप करून दाखवायचा. जमलं तर मान्यता, नाही तर पाटी उतरवायची. मान्यता गेली की इथून एकही पोरगं परीक्षेला बसू शकणार नाही, आणि परीक्षेला बसता येत नसेल तर पाचखेडे सरांकडे खडखडाट ऐकायला कोण येणार?

कम्प्युटर आला. त्याच्यासोबत साधा कीबोर्ड आला. सर त्याच्यासमोर बसले, ताठ पाठीनं टाइप करत राहिले, आणि ओळ पडद्याच्या कडेला पोचताच आपोआप खाली वळली.

"हे कोणी केलं?"

"ते आपोआप होतं बाबा."

"घंटी?"

"घंटी नसते यात."

"घंटी वाजत नाही, माझी परवानगी नाही, आणि ओळ मोडली?" सर उठून उभे राहिले. "शैला, हे यंत्र उद्धट आहे."

घंटीशिवाय त्यांचं चालेना. ओळ कुठं संपते ते कळायचं नाही, मग ते मधेच थांबून पडद्याकडे संशयानं बघत बसायचे. शेवटी आम्ही तिघं स्टँडजवळच्या कम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार मुंधडांचा धाकटा होता. त्यानं सरांचं ऐकून घेतलं, आत गेला आणि एक लांबलचक खोकं घेऊन आला. खोक्यावर हसऱ्या गोऱ्या बाईचं चित्र.

"मल्टिमीडिया कीबोर्ड आहे सर. टॉप मॉडेल."

"यात घंटी वाजेल?"

"सर," मुंधडा म्हणाला, "यात सगळं वाजते."

त्या एका वाक्यावर सौदा झाला. जुना साधा कीबोर्ड बदल्यात दुकानातच राहिला. जाताना शैलजानं त्याच्याकडे एकदा वळून पाहिलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

तर थर्मोकोलखालून नवं युग निघालं. काळंभोर, रुंद, आणि माथ्यावर रुपेरी बटणांची रांगच्या रांग. शैलजानं कम्प्युटर भिंतीपासून ओढून मागची जांभळी-हिरवी भोकं दाखवली. सर वायरचं टोक घेऊन वाकले, पण हिरव्या भोकात घालू लागले.

"बाबा, जांभळ्यात जांभळं. हिरवं माउसचं."

"रंग बघून जोडायचं? मग यात शिक्षण कुठं आलं?"

मागचे दोन पाय उघडून कीबोर्ड तिरका उभा केला, मनगट टेकायची पट्टी पुढं लावली. सरांनी ती लगेच काढायला लावली. मनगट टेकणारा माणूस त्यांच्या लेखी अंथरुणाला खिळलेला. मग त्यांनी बटणांची ओळखपरेड सुरू केली.

"हे घर?"

"दाबलं की इंटरनेटवर आपलं पहिलं पान उघडतं."

"आपल्याकडे इंटरनेट आहे?"

"नाही."

"मग घर कोणाचं? हे पाकीट?"

"टपाल."

"येतं?"

"नाही."

"हा भोंगा?"

"आवाज कमीजास्त करायचा."

"कशाचा?"

शैलजानं त्रिकोणाचं बटण दाबलं. कम्प्युटरमधून एकदम विलायती बाजा सुरू झाला. कोपऱ्यात बोटं बसवायचा सराव करणाऱ्या दोन मुली टाइप करायच्या थांबल्या आणि खुसखुसल्या. सरांचा चेहरा उजळला. "वाजतंय," ते म्हणाले. "आता घंटी लावा."

घंटी मात्र कुठल्याच बटणात नव्हती. मुंधडाला फोन केला. तो म्हणाला घंटी वेगळी टाकावी लागते, सीडी मागवतो. ती सीडी अजून यायचीय. मग सरांनी काय केलं, तर घंटी मनातल्या मनात वाजवायला सुरुवात केली. ओळीत किती अक्षरं मावतात ते इतकी वर्षं अंगात मुरलेलं. मनात टिंग झालं की ओळ संपली. आणि काय सांगू, जमायला लागलं. पाठ ताठ झाली, बोटं धावू लागली. पहिली ओळ पुरी झाली.

आणि पडदा काळा झाला. यंत्राच्या पोटातली घरघर थांबली. गुपचूप.

पुन्हा सुरू केलं. पहिली ओळ पुरी. काळा.

"व्होल्टेज," मी म्हणालो. माझ्या दुकानातला स्टॅबिलायझर वर नेला. पहिली ओळ पुरी. काळा. आमच्या गावात वायरमनला बोलावलं की तो आधी तुम्हालाच शॉक लागल्यासारखं बघतो. तसं बघून त्यानं वायरिंग तपासलं आणि निर्दोष सोडलं. मुंधडाचा माणूस येऊन म्हणाला व्हायरस असेल. तेव्हापासून सरांनी खोलीत शिंकायला मनाई केली. शेजारच्या दुकानातले वास्तूवाले काका सांगून गेले की यंत्राचं तोंड दक्षिणेला आहे. तोंड फिरवलं. एक ओळ झाली की उत्तरेलाही काळं.

मोठं गूढ पुढंच. शैलजा बसली की यंत्र चालायचं. ती पानच्या पान टाइप करायची, काही होत नसे. सर बसले की एक ओळ, आणि अंधार.

"ताईंच्या हातानं चालते ना?" मुंधडा म्हणाला. "मंग मशीन ओके आहे."

"म्हणजे मी बिघडलोय?" सरांनी विचारलं.

मुंधडा दुकानदार होता. गिऱ्हाइकाला तो बिघडलेलं म्हणत नसतो.

निरीक्षक यायचा दिवस सोमवार निघाला. सोमवारी आमचा बाजार बंद. सकाळी मी मागच्या दारानं वर गेलो तर सर पांढरा सदरा घालून यंत्रासमोर हात न लावता बसलेले होते, सासरच्या मंडळींसमोर बसावं तसे. त्यांनी कम्प्युटरला गुलाबाचं फूल वाहिलं होतं.

निरीक्षक आला आणि आम्ही सुटलो असं वाटलं. आला तो विलास इंगोले. याच खोलीत खिडकीजवळच्या यंत्रावर शिकलेला, आता केस पांढरे व्हायला लागलेला. त्यानं आत येताच सरांचे पाय धरले.

"इंगोले! मनगट पडायचं तुझं."

"अजून पडते सर."

"खुर्ची घे. चहा सांगू?"

"आधी काम उरकू सर, म्हणजे मोकळेपणानं बसता येते." त्यानं बॅगेतून फ्लॉपी काढली, आणि ती काढताना त्याचा आवाज सरकारी झाला. "यात उतारा आहे. आपण टाइप करायचं, गती आणि चुका हीच मोजते. मी काही लिहायचं नाही, खोडायचं नाही. निकाल हिच्यात बंद होऊन वर जाते. तीनदा संधी आहे. मधात मशीन बंद पडली तरी ती संधी गेली."

"मधात बंद पडली तरी?" शैलजानं विचारलं.

"नियम माझा नाही ताई."

पहिली संधी. सर उताऱ्याकडे नजर लावून बसले. काय टाइप केलं त्यांनी! मी आयुष्यभर तो खडखडाट छतातून ऐकलेला. तो पहिल्यांदाच असा निवांत समोर बसून बघितला. एक अक्षर अडखळलं नाही. ओळ पुरी झाली.

काळा पडदा.

"लाइट गेले?" इंगोले म्हणाला. डोक्यावर पंखा फिरत होता.

दुसरी संधी. तसंच. सर खुर्चीतून उठलेच नाहीत. ओल्या रुमालानं कपाळ पुसत राहिले. इंगोलेनं घड्याळाकडे पाहिलं, फ्लॉपीकडे पाहिलं, मग सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"सर, तुम्ही जरा उठा. फ्लॉपी काढून ठेवतो. साध्या पानावर मी बघतो मशीनला काय होते ते. तिसरी संधी वाया नाही घालवायची."

तो बसला. सर त्याच्यामागं उभे राहिले, अगदी पूर्वीसारखे, हात मागं बांधून.

"पाठ."

इंगोले ताठ झाला.

"मनगट."

इंगोलेनं मनगट उचललं आणि टाइप करू लागला. बरं चाललं होतं. सरकारी नोकरीनं बोटं जड झालेली, पण वळण जुनं होतं. ओळ संपत आली. संपली. आणि इंगोलेचा डावा हात कोणी न सांगता, झपकन, कोपरापासून वर उडाला. जिथं पूर्वी दांडा असायचा तिथं, कीबोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, पंजाची कड खाडकन आदळली आणि उजवीकडे घसरत गेली.

काळा पडदा.

हात अजून तिथंच होता. हाताखाली रुपेरी बटण होतं, आणि त्या बटणावर कोरलेली चंद्रकोर.

"बाबा," शैलजा म्हणाली. "झोपेचं बटण आहे ते. दाबलं की मशीन झोपतं."

आम्ही ते बटण पाहिलं नव्हतं असं नाही. घर पाहिलं, पाकीट पाहिलं, भोंगा पाहिला, चंद्रही पाहिला असेल. हात मात्र आम्हा कोणाला दिसला नव्हता. वर्षानुवर्षं त्या खोलीत ओळ संपली की हात उडत होते. पावसाळ्यात छपरावरचा आवाज ऐकू येईनासा होतो तसा तो हात आमच्या डोळ्यांना दिसेनासा झालेला. साध्या कीबोर्डवर तो हवेत उडून परत यायचा, कोणाचं काही बिघडत नव्हतं. सगळं वाजणारा आणला, आणि त्यानं नेमकी तीच जागा अडवली.

सरांनी इंगोलेच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"छान उडतो अजून," ते म्हणाले.

मी खिशातला चाकू काढला. "ते बटणच उपटून टाकू."

"नाही," सर म्हणाले. "वॉरंटी आहे."

"अहो सर, संस्था चाललीय!"

"म्हणून कोणी वॉरंटी घालवतं का?"

शैलजानं पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीनं बटणावर लावला, स्वतः दोन ओळी टाइप करून पाहिल्या आणि बाबांना कोरं पान उघडून दिलं. ओळ संपताच पुठ्ठा खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि यंत्र झोपलं. जुना साधा कीबोर्ड परत आणावा तर मुंधडाच्या दुकानाला कुलूप होतं. घरी फोन केला तर सगळे शेगावला गेलेले.

मग इंगोलेला सुचलं. आम्हाला आधी का सुचलं नाही असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "ताईंना बसवा ना! नियमात मुख्य शिक्षक म्हटलं आहे. ताईंचं नाव मुख्य शिक्षक म्हणून देऊन टाका. मी तेवढं करू शकतो. यांचा हात उडत नाही, मी मघापासून बघून राहिलो."

शैलजानं खिडकीजवळच्या यंत्रावरची धूळ बोटानं पुसायला घेतली.

"फक्त प्रमाणपत्राचा नंबर लागेल," इंगोले म्हणाला. "मराठी चाळीसचा, मिनिटाला चाळीस शब्दांचा. आहे ना ताई?"

"नाही."

"नाही कसं? सरांची पोरगी, आणि चाळीसचं प्रमाणपत्र नाही?"

"बाबांना विचारा."

सरांनी खोकल्यासारखं केलं. "मी बसू दिलं नाही तिला परीक्षेला."

"का सर?"

"हात उडत नव्हता तिचा." सर खाली बघून बोलत होते. "गती होती. चुका नव्हत्या. पण ओळ संपली की दांडा असा हळूच ढकलायची, दार लावल्यासारखा. दोनदा फॉर्म भरला, दोनदा मीच परत घेतला. म्हटलं, पाचखेड्यांच्या पोरीनं असा दांडा ढकलला तर लोक काय म्हणतील?"

शैलजा हसली. बरं वाटावं असं ते हसणं नव्हतं. "तेव्हा म्हणाले होते, आधी हात येऊ दे, प्रमाणपत्र कुठं पळून जातंय."

खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. इंगोलेनं बाह्या खाली घेतल्या, बटणं लावली.

"एक संधी आहे सर."

"हात ऐकणार नाही रे."

"मी ऐकवतो," इंगोले म्हणाला.

खिडकीजवळच्या यंत्रातून त्यानं जुनी रिबन उकलून काढली. रिबन म्हणजे काळ्या-लाल शाईची लांब फीत. माझ्याच दुकानातून गेलेली. सरांसमोर तो गुडघ्यावर बसला. ज्या माणसानं दंडावर पट्टी मारून त्याचा हात उडायला शिकवला, त्याचा डावा हात त्यानं आपल्या हातात घेतला, मनगटाभोवती फीत गुंडाळली आणि दुसरं टोक खुर्चीच्या पायाला बांधलं. बोटं अक्षरांपर्यंत पोचावीत, वर जाऊ नयेत, एवढी ढील ठेवली.

"लागते का सर?"

"गाठ नीट मार. तुझी गाठ सुटते."

इंगोलेनं दुहेरी गाठ मारली. शाईनं त्याचीही बोटं काळी झाली होती.

तिसरी संधी. सर टाइप करू लागले. पहिली ओळ तशीच, न अडखळता. शेवटचं अक्षर पडलं. डावा खांदा उचलला गेला, फीत ताणली, खुर्चीचा पाय फरशीवर किंचित करकरला, आणि हात जागच्या जागी राहिला. पडदा उजेडातच होता! यंत्र जागं होतं. मी शैलजाकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"चला सर," इंगोले हळूच म्हणाला. "दुसरी ओळ."

सर बसून होते.

"सर, चालू आहे. घ्या पुढचं."

सरांनी उजवा हात अक्षरांवर ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा खांदा हलला, पुन्हा फीत ताणली. उतारा त्यांना समोर दिसत होता, अक्षरं बोटांखाली होती, यंत्र आज्ञाधारकपणे डोळे मिचकावत थांबलं होतं. पण ओळ संपली नव्हती. ती संपवायचा हात खुर्चीला बांधलेला होता, आणि एक ओळ संपल्याशिवाय दुसरी सुरू कशी करायची हे सरांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच ओळीतला शेवटचा शब्द पुन्हा टाइप केला. मग पुन्हा एकदा. दाराशी येऊन बाहेर पडायला विसरलेल्या माणसासारखे ते त्या एका शब्दाशी उभे राहिले.

"बाबा, काहीही टाइप करा," शैलजा म्हणाली. "चुकीचं करा. पण पुढं चला."

"ओळ पुरी होऊ दे," सर म्हणाले.

वेळ संपली. पडद्यावर चौकट आली आणि निकाल स्वतःच लिहून स्वतःच बंद झाली. इंगोलेनं फ्लॉपी बाहेर काढली. ती बॅगेत ठेवायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. मग त्यानं सरांचे पाय धरले, "येतो सर" म्हणाला, आणि चहा न घेता जिना उतरला. मोकळेपणानं बसायचं राहूनच गेलं.

संस्थेची पाटी दिवाळीच्या आत उतरली. लोखंडी यंत्रं भंगारवाला घेऊन गेला. शैलजा अमरावतीला एका दवाखान्यात नावं पुकारायच्या कामाला लागली. त्या खोलीत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी आम्ही तिघंच होतो. शैलजानं कम्प्युटर बंद केला, या वेळी रीतसर. सर खुर्चीत तसेच ताठ बसले होते. पाठ कशी असावी हे त्या दिवशीसुद्धा कोणी त्यांच्याकडून शिकावं. त्यांची नजर समोरच्या यंत्रांच्या रांगेवरून हळूहळू फिरत होती, एकेका यंत्रावर थांबत, आणि ओठ हलल्यासारखे होत होते. एवढी वर्षं गेली, अख्खं गाव हाताखालून गेलं. आता हा माणूस काहीतरी बोलणार, आणि ते जन्मभर लक्षात राहील असं असणार, हे मला उमगलं. मी पुढं सरकलो. शैलजाही जागच्या जागी थांबली.

"गुल्हाने," सर म्हणाले.

"बोला सर."

"ही गाठ सोडा जरा. मघापासून लघवीला लागलीय."